फरक दिसत नाही

११ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. शिवाय पॅकिंग स्लिपांची एक अख्खी वही मागच्या बाजूने कोरी आहे, ती फुकट जात होती.
परिस्थिती अशी. कारखाना शिलाईच्या दोऱ्याचा. मी पॅकिंगला. दोरा गुंडाळलेला पुठ्ठ्याचा कोन ट्रॉलीतून उचलायचा, पिशवीत घालायचा, खोक्यात बसवायचा. बारा कोन, एक खोकं. खोक्यावर आपला नंबर मारायचा. माझा सात. सुपरवायझर म्हणतो, आठवी नापासाला याच्यापेक्षा जास्त डोकं वापरायला दिलं तर ताप येतो. तो स्वतः दहावी नापास. दोन इयत्तांचा माज.
आज बातमी आली. जूनमध्ये पॅकिंगचं मशीन येणार. आम्ही बारा जण. मशीनला चार पुरतात. बाकीचे आठ घरी.
निश्चय: जूनच्या आत वरच्या मजल्यावर खुर्ची मिळवायची. कशी, ते उद्या ठरवीन. आत्ता झोप येतेय.

१२ मार्च
ठरलं नाही.

१३ मार्च, दुपार
न्हाव्याकडे गेलो. भिंतीवर त्याच्या आजोबांचा जुना फोटो, काळा-पांढरा. आजोबाही न्हावीच. पण असे बसलेत की आत्ता उठून देशाचं बजेट मांडतील. शेजारी न्हाव्याचा स्वतःचा फोटो, रंगीत, मागच्या वर्षीचा. त्यात तो वस्तरा हरवलेला न्हावी दिसतो.
मी विचारलं, असं का हो? तो म्हणाला, आजोबा देखणे होते. साफ खोटं. कान सुपासारखे आहेत आजोबांचे. कारण वेगळं आहे. रंग काढून टाकले की माणसाचं वजन वाढतं. जे मला एका मिनिटात कळलं ते याला त्या फोटोखाली वीस वर्षं कात्री चालवून कळलं नाही.
हे त्याला समजावताना मी मान हलवली. डावी मिशी उडाली. उजवीही मग काढावी लागली.

१७ मार्च, रविवार
मोबाइलमध्ये काळ्या-पांढऱ्याचं सेटिंग सापडलं. सकाळपासून एकेचाळीस फोटो. खिडकी. किटली. किटलीची वाफ. दोरीवरचा कुलूपचा मोजा.
कुलूप म्हणजे खोलीतला जोडीदार. तोही पॅकिंगला. तोंड उघडत नाही म्हणून सगळे कुलूप म्हणतात. त्याला मोज्याचा फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिला. शेवटी म्हणाला, भोक दिसतंय. मी म्हटलं, भोक नाही, ते एकटेपण आहे. त्याने मोजा काढून पेटीत ठेवला. कलेची भीती वाटते लोकांना.
पण खरंच, आमची ही खोली मी आजवर पाहिलीच नव्हती. उजेड खिडकीतून येतो, आधी भिंतीवर जातो, मग पलंगाच्या दांड्यावरून घसरून खाली चपलांत पडतो. रंग मधे मधे करत नाहीत म्हणून हे दिसतं. रंगीत फोटोत मी कामगार दिसतो. काळ्या-पांढऱ्यात विचारवंत. मिशी नसूनही.

१८ मार्च
रंगांबद्दल माझं मत लिहून ठेवतो. रंग हा श्रीमंतांचा रिकामटेकडा उद्योग आहे. एकाच रंगाला चार नावं ठेवायची आणि मग भांडत बसायचं. इथे खाली रंगखात्यात तर भर पगारावर भांडतात. डाईमास्तर म्हणजे रंगखात्याचा मुख्य. परवा एक कोन उजेडात धरून म्हणत होता, यात लाल किंचित चढलाय. मी पाहिलं. काही चढलं नव्हतं. उगाच आपलं महत्त्व.
निश्चय: रोज एक चांगला फोटो. फक्त काळा-पांढरा. मरेपर्यंत.

२४ मार्च
माझा स्वतःचा फोटो घरी पाठवला. खिडकीजवळ, अर्धा चेहरा अंधारात, नजर लांब. ताईचा लगेच फोन. म्हणाली, अरे काय झालं तुला? ताप आहे का? आणि मिशी कुणी घेतली? मी म्हटलं, ताई, ही फोटोग्राफी आहे. ती म्हणाली, असू दे, पण जेवतोस ना? मागून आई ओरडली, त्याला म्हणावं लाइट लाव.
मग ताई मूळ विषयावर आली. मूळ विषय म्हणजे मी कुठे टिकत नाही. वायरमनच्या हाताखाली दोन महिने. भाजीच्या गोदामात पाच आठवडे. आता इतक्या लांब गेलास, तिथे तरी टिक. मी सांगितलं, ताई, वायरमनकडे चूक वायरींची होती. दोन वायरी, दोन्ही सारख्या, आणि अपेक्षा अशी की मी ओळखाव्यात. भाजीच्या गोदामात टोमॅटो पिकलेला की कच्चा ते दाबून बघायला लागायचं. मी दाबत होतो. मालकाला दाबणं आवडायचं नाही. ताई म्हणाली, दाबतात का रे कोणी? बघतात. मी म्हटलं, ज्याची त्याची पद्धत.
वर विचारते, आईला पाठवलेला स्वेटर हिरवा का पाठवलास, तिने तपकिरी सांगितला होता. तपकिरीच पाठवलाय. तिथल्या ट्यूबलाइटचा दोष.

१ एप्रिल
नशीब उघडलं. वरच्या मजल्यावर तक्रार विभाग आहे. विभाग म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि एक बाई. बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. तीन महिने सुट्टी. त्यानंतर त्या हिशेबखात्यात जाणार, कारण तिथे लिफ्ट आहे. म्हणजे खुर्ची रिकामी.
काम फोटो काढायचं! गिऱ्हाईक म्हणतं, मागवला तो रंग आला नाही. कोन परत पाठवतं. आपण तो कोन शेडकार्डाशेजारी ठेवायचा. शेडकार्ड म्हणजे सगळ्या रंगांचे नमुने चिकटवलेला पुठ्ठा. फोटो काढायचा, फॉर्मला लावायचा, आणि फरक आहे की नाही ते लिहायचं.
मी जिना चढून सरळ मॅनेजरसमोर. म्हटलं, साहेब, फोटो हा माझा श्वास आहे. त्यांनी विचारलं, शिक्षण? मी किटलीचा फोटो दाखवला. ते म्हणाले, वाफ छान आलीय. मग म्हणाले, जूनपर्यंत ट्रायल. जमलं तर खुर्ची तुझी, नाही जमलं तर खाली पॅकिंगमध्ये परत, आणि मग मशीनच्या यादीत तुझं काय होईल त्याची हमी मी देणार नाही.
नाही जमायला काय झालं?
घरी कळवलं की मी साहेब झालो. ट्रायल हा शब्द गाळला. रेंज कमी होती.

३ एप्रिल
खुर्ची फिरते.

४ एप्रिल
बाईंनी सगळं समजावलं. दोन शिक्के आहेत. पहिला, फरक दिसतो. हा मारला की माल रंगखात्यात परत, डाईमास्तरची फजिती, गिऱ्हाइकाला नवा माल. दुसरा, फरक दिसत नाही. हा मारला की तक्रार बाद. पहिला शिक्का वापरून वापरून गुळगुळीत. दुसरा कोरा करकरीत. बाई म्हणाल्या, तो लागत नाही फारसा, लोक उगाच कशाला कोन परत पाठवतील?
भोळ्या आहेत. लोकांना धंदाच तो.
फोटो कुठल्या सेटिंगवर काढायचे ते बाई बोलल्या नाहीत. ऑफिसचा प्रिंटरही काळा-पांढराच आहे. म्हणजे कंपनीचं धोरण आधीपासून माझ्या बाजूचं.

९ एप्रिल
पहिल्या सहा तक्रारी. प्रत्येक कोन खिडकीत ठेवला, सकाळचा तिरका उजेड घेतला. दोऱ्याचा एकेक पीळ दिसतो. एका कोनाची सावली अशी पडली की मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो. बाईंचे जुने फोटो पाहिले मोबाइलवर. भगभगीत. उजेडाचा विचार नाही. मागे डबा दिसतोय एकात.
निकाल: कोन आणि कार्ड, सहाच्या सहा जुळतात. फोटोत तर एकदम तंतोतंत. नुसत्या डोळ्यांनीही पाहिलं, एकात किंचित शंका आली, पण ते ढगांमुळे. सहाही बाद.
दुसऱ्या शिक्क्याची शाई वाळलेली होती. थुंकी लावून चालवला.

१६ एप्रिल
आजवर सत्तावीस तक्रारी. फरक एकात दिसला. तिथे पिवळ्याच्या जागी निळा होता, ते आंधळ्यालाही दिसलं असतं. बाकी सव्वीस बाद.
मॅनेजर खूष! महिन्याला पन्नास-साठ तक्रारी खऱ्या ठरायच्या म्हणे. सगळ्यांसमोर म्हणाले, याला म्हणतात नजर. मी मान खाली घातली, पण अर्धीच, कारण खिडकीचा उजेड बरोबर गालावर पडत होता.
सुपरवायझर जिन्यात भेटला. म्हणाला, काय साहेब, पाय जमिनीला लागतात का? मी म्हटलं, खुर्ची फिरती आहे, लागले काय नि नाही काय.

२३ एप्रिल
डाईमास्तर वर आला. वाटलं, आभार मानायला, कारण तीन आठवड्यांत त्याच्याकडे एकच माल परत गेला. पण तो चिंतेत. म्हणाला, पोरा, मी गेली तीस वर्षं रंग देतोय. माझा माल इतका चांगला कधीच नव्हता.
विनय असावा तर असा. मी म्हटलं, मास्तर, बसा, फोटो काढतो. त्याचे हात काढले. नखांत, सुरकुत्यांत रंग मुरलेला, धुऊन जात नाही. फोटोत ते सगळे डाग गेले. नुसते हात उरले, म्हाताऱ्या झाडाच्या मुळांसारखे.
त्याने फोटो खिडकीकडे नेऊन पाहिला. मग म्हणाला, बायको हे हात ताटाला लावू देत नव्हती पहिली काही वर्षं. तिला दाखवतो. प्रिंट घेऊन गेला. जाताना दारातून वळून म्हणाला, पण तू कोन रंगीतच काढत जा हं, बाळा.
जुन्या पिढीला नवं पचायला वेळ लागतो.

५ मे
निश्चय: प्रदर्शन. कँटीनच्या भिंतीवर वीस फोटो. विषय: दोऱ्याचं अंतरंग. कँटीनवाला म्हणाला, लाव की, भिंतीला ओल आलीय, तेवढीच झाकेल.

६ मे
प्रदर्शनाचं उद्घाटन. म्हणजे मी लवकर जाऊन चिकटवले. लोकांचे अभिप्राय. दोरा गुंडाळणारी मावशी: ही कसली गाजरं? सुपरवायझर: माझ्याकडे रोज चाळीस हजार कोन आहेत, वर भिंतीवर कशाला? कुलूप: (काही नाही.)
एकजण मात्र एका फोटोसमोर खूप वेळ उभा होता. जवळ जाऊन विचारलं, काय भावलं? तो म्हणाला, याच्या मागे प्लग होता, चार्जिंगला.

७ मे
ओलीमुळे सगळे फोटो पडले. सतरा सापडले. दोन आमटीच्या पातेल्याखाली होते. एक अजून बेपत्ता, कुणीतरी रसिकाने नेला असणार.

१४ मे
एक गिऱ्हाईक फार त्रास देतं. गणवेश शिवणारा कारखाना. मालक स्वतः पत्र लिहितो. म्हणतो, पहारेकऱ्यांच्या पँटींसाठी खाकी दोरा मागवला, निम्म्या खोक्यांत हिरवा आला. मी कोन पाहिला, फोटो काढला. डोळ्यांत तेल घालून पाहिला. खाकीच आहे. शिक्का मारून परत.

१८ मे
पुन्हा त्याचंच. या वेळी दोन कोन. मी दोन फोटो काढले, एक पुढून, एक सुंदर. शिक्का. परत.

२२ मे
तिसऱ्यांदा! उद्गारचिन्हांसकट. माझाही संयम आहे. शिक्क्याखाली हाताने लिहिलं, फोटो नीट बघावा, तरीही फरक वाटल्यास आपले डोळे तपासून घ्यावेत. कळावे. सही मोठी केली.
ताईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, गिऱ्हाइकाला असं लिहितात का रे? मी म्हटलं, साहेबाला लिहावं लागतं. ती म्हणाली, बघ बाबा, तुझ्या साहेबाला कुणी साहेब असेल.

२७ मे
सविस्तर लिहितो, कारण पुढे चौकशी झाली तर खरी हकिकत नोंदलेली हवी.
सकाळी गणवेशवाला स्वतः आला. घाम पुसत, काखेत खोकं. मॅनेजरच्या टेबलावर पँट टाकली. म्हणाला, असल्या चारशे पँटी परत आल्यात माझ्याकडे. पहारेकरी हिरव्या दोरीने बांधलेल्या मिठाईच्या पुड्यांसारखे दिसतायत. आणि तुमचा माणूस मला डोळे तपासायला सांगतो!
मॅनेजरनी पँट पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. फाइल मागवली. फाइलमधले प्रिंट बघून म्हणाले, हे प्रिंटरमुळे असे आहेत ना? मूळ फोटो दाखव. मी अभिमानाने मोबाइल पुढे केला. ते बोटाने सरकवत गेले. एक. दहा. ऐंशी. म्हणाले, हे सगळे काळे-पांढरे आहेत. मी म्हटलं, हो साहेब, सगळे. ते म्हणाले, रंगाच्या तक्रारीचा फोटो काळा-पांढरा? मी म्हटलं, साहेब, रंगाने लक्ष विचलित होतं.
गणवेशवाला हसायला लागला. तो का हसला ते कळलं नाही, पण ते हसणं चांगलं नव्हतं. मी म्हटलं, फोटो सोडा, कोन डोळ्यांसमोर आहेत, फरक असेल तर दाखवा. मॅनेजरनी खोक्यातले दोन कोन उभे केले. म्हणाले, यात खाकी कोणता? मी बिनधास्त डावा दाखवला. त्यांनी कोन हातात घेतले, पाठीमागे नेले, परत ठेवले. आता? मी पुन्हा डावा दाखवला. ठाम राहिलं पाहिजे माणसाने.
डाईमास्तरलाही वर बोलावलं होतं. तो हळूच म्हणाला, साहेब, ओरडू नका त्याच्यावर. आधी डॉक्टरकडे पाठवा.
मग मॅनेजरनी खोकं उलटं केलं. खाकीत हिरवं पॅक कुणी केलं ते बघायला. पॅकरचा नंबर सात.
ट्रॉल्या शेजारी शेजारी ठेवतात. त्यात माझा काय दोष?

२८ मे
कारखान्याचा डॉक्टर. मला वाटलं, मानसिक ताणाबद्दल विचारेल. त्याने एक पुस्तक उघडलं. पानभर नुसते रंगीत ठिपके. म्हणाला, कुठला आकडा दिसतो? मी म्हटलं, ठिपके दिसतात. पान उलटलं. आता? ठिपके. असं बारा पानं. पुस्तक छापताना आकडे राहून गेलेत आणि हा माणूस वर्षानुवर्षं तेच वापरतोय.
एका पानावर मात्र मला स्वच्छ पाच दिसला. सांगितला. डॉक्टर म्हणाला, बरोबर, पण हा मला दिसत नाही, हा फक्त तुमच्यासारख्यांनाच दिसतो.
म्हणजे कुणाचे डोळे अधू?
त्याने कागदावर लिहिलं, लाल-हिरवा रंगदोष, जन्मजात. मी म्हटलं, जन्मजात असता तर मला माहीत नसतं का? तो म्हणाला, कसं असणार? तुम्ही दुसऱ्याच्या डोळ्यांनी कधी पाहिलंय का?
डॉक्टर लोकांना प्रश्नाचं उत्तर प्रश्नाने द्यायची खोड असते. चिठ्ठी घेऊन बाहेर आलो. दवाखान्याच्या पायरीवर जरा बसलो. समोर बाग होती. बरी होती.

२९ मे
परत पॅकिंगला. कुलूप बाजूला सरकला, जागा दिली. सुपरवायझर म्हणाला, या साहेब, खुर्ची बरोबर आणली का? मी सांगितलं, कलेत आणि व्यवस्थापनात मतभेद झाले. डॉक्टरच्या चिठ्ठीचं कुणाला सांगितलं नाही. खोट्या गोष्टी कशाला पसरवा? मॅनेजर आणि मास्तर बोलणार नाहीत असं वाटतं.
घरी कळवलं नाही. आई शेजारणीला सांगून बसलीय.
आता मी कोनाच्या बुडावरचं लेबल वाचून पॅक करतो. दिवसाला तीनशेच्या जागी एकशे नव्वद खोकी होतात. पण एकही चुकत नाही. निश्चय: वेग वाढवायचा.

५ जून
एकशे पंच्याऐंशी.

१० जून
मशीन आलं. क्रेनने उतरवलं. आम्ही बारा जण रांगेत उभे राहून बघत होतो, नवी सून बघतात तसं. फोटो काढला. चकचकीत पत्र्यात आम्हा सगळ्यांचे चेहरे लांबट दिसतात. चांगला आलाय. कुणाला दाखवला नाही.
डाईमास्तर डब्याच्या वेळी शेजारी येऊन बसला. म्हणाला, बायकोने तो हातांचा फोटो फ्रेम करून घेतला. मग म्हणाला, एक विचारू? तुला सगळं राखाडी दिसतं का रे? मी म्हटलं, छे हो मास्तर, मला सगळे रंग दिसतात. तो म्हणाला, बरं. आणि त्याच्या डब्यातला अर्धा लाडू माझ्या डब्यात ठेवला.
दिसतात की. फक्त ते एकमेकांच्या जवळ राहतात.

२१ जून, दुपार
यादी लागली! बोर्डावर. वरून तिसरं नाव माझं!
वाचतच खाली आलो. चौथं कुलूपचं. पाचवं, सहावं, सगळेच ओळखीचे. मोजले. बारा. बाराच्या बारा जणांना ठेवलं! मॅनेजरबद्दल मी मागे जे काही मनात म्हटलं असेल ते परत घेतो.
कुलूप बोर्डाजवळ उभा होता. त्याला मिठी मारली, म्हटलं, अभिनंदन गड्या, आपण राहिलो! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाश्रू. इतकी वर्षं बंद असलेलं कुलूप उघडलं. मी बाकीच्यांचेही हात हातात घेतले. दोघांनी घेऊ दिले, एकाने झिडकारला. स्वभाव.
ताईला मेसेज केला, कायम झालो. आईला सांग.

२१ जून, संध्याकाळ
कुलूप खोलीत आला आणि बोलला. चार महिन्यांत बोलला नव्हता इतकं एका दमात बोलला. म्हणाला, माझी नोकरी गेली आणि तू मिठ्या मारतोस? सगळ्यांसमोर टर उडवतोस? मी म्हटलं, अरे, नाव आहे ना तुझं. तो म्हणाला, लाल शाईत आहे. हिरवे राहणार, लाल जाणार, खाली लिहिलंय, वाचता येत नाही का?
खाली मी वाचलं नव्हतं. स्वतःचं नाव दिसल्यावर खालचं कोण वाचतं?
मी विचारलं, माझं? तो म्हणाला, तुझं तुला दिसत नाही? आणि पेटी भरायला लागला.
परत बोर्डापाशी गेलो. खाली खरंच लिहिलंय. बारा नावं. पुन्हा पुन्हा पाहिली. जवळून, लांबून, एक डोळा मिटून. बारा नावं, एक शाई. सिग्नलला निदान वरचा दिवा थांबायचा आणि खालचा जायचा हे पाठ असतं. इथे सगळे मिसळलेले.
बोर्डासमोर चारजण होते. त्यांना विचारता आलं असतं. दुपारी त्यांचेच हात हातात घेतले होते.
मग फोनमधलं ते सेटिंग बंद केलं. कुठे बंद होतं ते सापडायला वेळ लागला. यादीचा रंगीत फोटो काढला. ताईला पाठवला. लिहिलं, ताई, वरून तिसरं नाव माझं आहे. ते कुठल्या रंगात आहे ते सांग. मला कळत नाही.
हे शेवटचं वाक्य दोनदा खोडलं. मग राहू दिलं.
आता ती वायरमनपासून सुरू करणार, स्वेटरपर्यंत येणार, म्हणून फोन पालथा ठेवला.
दहा मिनिटांनी वाजला. त्यात काहीच टोमणा नव्हता.
लिहिलं होतं, लाल आहे रे. आई म्हणते, गाडीचं तिकीट काढ, घरी ये.